उत्तर देणारा आणि शेजारी बसणारा

शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या आमच्या बंधुभगिनींपुढे गेल्या काही वर्षांत एक नवीच अडचण उभी राहिली आहे. मुलांना घरी विचार करण्यासाठी एखादा प्रश्न दिला, की पुढच्या रविवारी उत्तर तयार असते. भाषा शुद्ध, वाक्ये लांबलचक, आणि दोन घरांतल्या दोन मुलांची उत्तरे जणू एकाच साच्यातून काढलेली. विचारले तर मूल खोटे बोलत नाही. मोबाइलला विचारले, असे सरळ सांगते. यात दोष आहे काय, आणि असल्यास तो कोणाचा, या प्रश्नावर मुलांना धरून पुष्कळ बोलले जाते. आम्हांस मात्र ज्यांनी ते यंत्र घडवले त्यांच्याकडे वळावेसे वाटते. शिकवण्याचे साधन घडवणारा हाही एका अर्थाने शिक्षकच असतो, आणि शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असे याकोबाने आपल्या पत्रात बजावलेच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे यंत्र अफाट मजकुरावरून शब्दामागून शब्द जुळवण्यास शिकलेले असते. प्रश्न टाकला की उत्तर द्यावे, हा त्याचा स्वभाव. त्यातून शिकण्याचे साधन करायचे तर माणसांचा एक गट त्यावर बसतो. त्यात संगणकाचे जाणकार असतात, पडद्यावर काय कोठे दिसावे हे ठरवणारे असतात, आणि गट शहाणा असेल तर त्यात शिक्षकही असतात. या लोकांच्या धंद्यात एक तत्त्व फार मानले जाते : वापरणारा मध्यभागी ठेवावा. म्हणजे कचेरीत बसून मनाचे मांडे खाऊ नयेत. ज्याच्यासाठी साधन आहे त्याच्याकडे जावे, तो कसे वापरतो हे पाहावे, कोठे अडतो हे टिपावे, त्याला विचारावे, आणि साधन पुन्हा घडवावे. तत्त्व उत्तम आहे. पण ते शिकणाऱ्याला लावताच एक गाठ बसते. गणित अडलेल्या मुलाला विचारा, तुला काय हवे? तो म्हणेल, उत्तर हवे. मग त्याला मध्यभागी ठेवणे म्हणजे त्याच्या हाती उत्तर देणे काय?

ही गाठ केवळ बोलण्यातली नाही, हे तुर्कस्तानात झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. तेथील माध्यमिक शाळेतील नववी ते अकरावीच्या सुमारे १,००० विद्यार्थ्यांचे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन भाग केले. पहिल्या भागाने आपले पुस्तक व वही घेऊन गणिते सोडवली. दुसऱ्याला साधे बोलके यंत्र दिले. विचाराल ते सांगणारे. तिसऱ्याला तेच यंत्र, पण शिक्षकांच्या मदतीने वळण लावलेले : उत्तर द्यायचे नाही, पुढच्या पायरीची खूण द्यायची. सरावाच्या वेळी दुसऱ्या भागातील मुलांचे गुण पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले, तिसऱ्या भागातील तर १२७ टक्क्यांनी. मग साधने काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा दुसऱ्या भागातील मुले, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षाही १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या भागाचे हे नुकसान जवळजवळ टळले. पण ती मुले पहिल्या भागाच्या पुढेही गेली नाहीत, हे विसरू नये. सरावातली १२७ टक्क्यांची वाढ परीक्षेच्या दारातच राहिली. हे निष्कर्ष २०२४ साली प्रथम लोकांपुढे आले.

या अहवालातील आणखी एक गोष्ट आम्हांस या आकड्यांहून गंभीर वाटते. दुसऱ्या भागातील मुलांना आपण कमी शिकलो असे वाटतच नव्हते. घडवणाऱ्यांनी त्यांना विचारले असते, साधन कसे आहे, तर उत्तम असेच उत्तर आले असते. वापरणारा समाधानी, आणि तरी त्याची हानी झालेली. केवळ समाधान मोजणाऱ्या कारागिराला ही हानी कधीच दिसणार नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाकडे या प्रश्नाच्या निमित्ताने पाहावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे. त्या एकाच अध्यायात प्रभू येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो : मी तुमच्यासाठी काय करावे? एकदा तो जब्दीच्या मुलांना, याकोब व योहान यांना विचारतो, आणि पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला. बार्तीमयाला काय हवे हे कोणालाही दिसत होते. तरी प्रभूने त्याच्याऐवजी ठरवले नाही, त्याच्या तोंडून ऐकले, आणि दिले. जब्दीच्या मुलांनाही त्याने तितक्याच आदराने विचारले, पूर्ण ऐकून घेतले, आणि उजव्याडाव्या आसनांची त्यांची मागणी मात्र दिली नाही. आपण काय मागतो हे त्यांना कळत नाही, असे सांगून त्याने त्यांच्याशी बोलणे चालू ठेवले. विचारणे दोन्हींकडे सारखे आहे, देणे सारखे नाही. त्या धंद्यातली माणसे पुष्कळदा पहिल्या गोष्टीवर थांबतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. न देण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? ते प्रभू नव्हेत. ज्ञान असणाऱ्याने नसणाऱ्याला सांगावे, तुझ्या भल्यासाठीच मी हे रोखून ठेवतो, हे वाक्य आपल्या देशात शतकानुशतके ऐकू आलेले आहे, आणि ते कोणाच्या भल्याचे होते हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. शास्त्र लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती द्यावे, यासाठी तर आपल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी. परंतु पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर भाषा टाळली आणि साध्या, अशिक्षित बाईलाही कळेल अशी मराठी शोधली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, बायकांच्या हातांनी, ते काम छापले गेले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण शास्त्र त्यानंतर १९२४ साली निघाले. अशा वारशाच्या माणसांनी 'रोखून ठेवणारे यंत्र चांगले' असे म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

तेव्हा रोखणे आणि रोखणे यांत फरक कोठे आहे, ते पाहिले पाहिजे. आमच्या मते तो रोखणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून आहे. फ्रँक लाउबाख या मिशनरींचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १८१३ साली मुंबईत ज्या अमेरिकन बोर्डाने मराठी मिशनचे काम सुरू केले, त्याच बोर्डाने १९१५ साली त्यांना फिलिपाईन्सला पाठवले. १९३० च्या सुमारास लानाव प्रांतातील मरानाव मुसलमान लोकांत ते राहिले. हे लोक परक्या ख्रिस्ती माणसावर विश्वास ठेवण्यास तयार नव्हते. लाउबाख आधी त्यांची भाषा त्यांच्याकडूनच शिकले, आणि मग त्या भाषेत वाचनाचे धडे केले. प्रौढ माणसाला शिकताना लाज वाटते हे त्यांनी ओळखले. म्हणून शिकवणाऱ्याने फळ्यापाशी उभे न राहता विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, त्याला अडचणीत पकडू नये, अशी त्यांची रीत होती. मंदीच्या काळात शिक्षकांना पगार देण्यास पैसा उरला नाही, तेव्हा तेथील एका सरदाराने हट्टच धरला, की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे. 'एकाने एकाला शिकवावे' ही जगभर गेलेली घोषणा तेथली. म्हणजे साधनाचा अर्धा भाग वापरणाऱ्यांनीच घडवला! आज ज्याला मोठमोठी नावे देऊन शिकवतात ते हेच नव्हे काय, असे आमच्या मनात येऊन गेले.

तुर्कस्तानातील तिसऱ्या यंत्रामागेही असेच कोणी तरी बसलेले होते. ते यंत्र दुसऱ्याहून अधिक हुशार नव्हते. मुळात दोन्ही एकच. फरक एवढाच, की प्रत्येक गणिताचे बरोबर उत्तर, मुले त्यात नेहमी कोठे चुकतात, आणि चुकल्यावर कोणती खूण द्यावी, हे शिक्षकांनी त्याला आधी पुरवले होते. साधे यंत्र तर पुष्कळदा गणितच चुकवीत होते, आणि तेही ठाम आवाजात. ज्याने मुलांच्या शेकडो वह्या तपासल्या आहेत त्याने रोखून धरलेले उत्तर आणि ज्याने एकही वही पाहिली नाही त्याने रोखलेले, यांत आम्हांस जमीनअस्मानाचा फरक दिसतो.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे. २०१९ साली गूगल कंपनीने 'बोलो' नावाचे वाचनाचे साधन काढले आणि उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत ते मुलांच्या हाती देऊन पाहिले. त्यात दिया नावाची एक चित्रातली मुलगी मूल मोठ्याने वाचते ते ऐकते, जमले तर शाबासकी देते, शब्द अडला तर उच्चारून दाखवते. एकदा मोबाइलवर उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी ते चाले. गावात इंटरनेट टिकत नाही हे कोणी तरी जाऊन पाहिले होते, त्याशिवाय हे सुचत नाही. पुढच्या वर्षी 'रीड अलाँग' या नावाने ते मराठीसह नऊ भाषांत निघाले. ज्या घरात वाचता येणारे मोठे माणूस नाही तेथे चुका ऐकून न हसणारे कोणी तरी असणे, हे थोडे नव्हे. अर्थात, मूल मध्येच का थांबले, शब्द कठीण होता म्हणून की आतून आईची हाक आली म्हणून, हे दियाला कळत नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण घडवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

दुसरी कसोटी आम्हांस अधिक कठीण वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत कांदके राणीचा खजिनदार रथात यशया वाचत आहे. फिलिप्प धावत जाऊन त्याला वाचलेले समजते काय असे विचारतो, आणि बोलावल्यावरच वर चढून शेजारी बसतो. उलगडा होतो, बाप्तिस्मा होतो, आणि लगेच फिलिप्प तेथून नेला जातो. खजिनदाराला तो पुन्हा दिसत नाही. तो आनंदाने आपल्या वाटेने जातो. शिकवणारा गेला तरी शिकणाऱ्याचे काही अडले नाही. आता ज्या कंपनीची मिळकत मूल रोज किती वेळ पडद्यापाशी राहिले आणि उद्या परत आले की नाही यावर ठरते, तिने असे साधन का घडवावे? मुलाला साधनाची गरज उरली नाही, हे तिच्या हिशेबात नुकसान म्हणून लिहिले जाते. त्या गटातील एखादा कारागीर भला असेलही. त्याचा दिवसभराचा न्याय मात्र त्या हिशेबावरच होतो. वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवले असे सांगणाऱ्याला आम्ही म्हणूनच विचारू, की बाबा रे, तो मध्यभागी आहे, पण दार कोठे आहे?

यावर शिक्षकांपैकी काही जण म्हणतील, की हे सगळे सुस्थितीतल्या मुलांना ठीक. ज्याच्या घरी आत्या किंवा मोठा भाऊ शेजारी बसायला आहे, त्याला यंत्राने उत्तर नाकारले तर तो आत्याला विचारील. ज्याला कोणीच नाही त्याचे काय? रात्री घरातला एकुलता मोबाइल वडील कामावरून आल्यावर अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात यंत्र त्याला उलट प्रश्नच विचारत बसते. ही तक्रार खरी आहे, आणि तिचे समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नाही. खुणा देऊनही मूल दोनदा अडले तर तिसऱ्यांदा संपूर्ण उत्तर पायऱ्यांसह उलगडून दाखवावे, एवढी तरी दया साधनात असावी असे वाटते. आणि एखाद्या मंडळीची शब्बाथ शाळा असे साधन मुलांना सुचवणार असेल, तर आधी दोघा शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांत सावकाश वाचणाऱ्या मुलाच्या घरी एक संध्याकाळ जाऊन, त्याच मोबाइलवर, त्याच्या शेजारी बसून ते चालवून पाहावे. वर्गातल्या हुशार मुलीवर करून पाहू नये. ती कशातूनही शिकते.