पॉइंटचा गॅप आणि ज्ञानाचं कुलूप

ज्याच्या हातात हुन्नर आहे त्यानं ते झाकून ठेवावं का? आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सगळंच नाकारलं गेलं, त्यानं मर मर करून मिळवलेलं झाकलं, तर त्याला दोष देणारे आपण कोण? जळगावच्या एका गॅरेजात तीन वर्षं हेल्पर म्हणून हात काळे केले, तिथं हा प्रश्न माझ्या मागं लागला. अजून सुटलेला नाही.

मित्रांनो, जुन्या मोटरसायकलींची ट्यूनिंगची हत्यारं तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिलीही नसतील. बुलेट, राजदूत, येझदी. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. गाड्या मात्र मेल्या नाहीत. कुणी शेतावर जायला वापरतं, कुणी पैसेवाला हौसेनं चकाचक करून घेतो. दोघांनाही मिस्तरी लागतोच.

ह्या जुन्या इंजिनांत कॉम्प्युटर नाही. धातूचे दोन ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणायचं. ते उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते. जुन्या बुलेटच्या पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ते मोजायला फिलर गेज. म्हंजे पोलादी पात्यांचा जुडगा, चाकूसारखा घडीचा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. अंतर जास्त झालं तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी घाईनं पडते, इंजिन ठोकतं, किक उलटी पायावर येते. कमी झालं तर ठिणगी उशिरा, गाडी तापते, ओढ जाते. मग टायमिंग. पिस्टन वरच्या टोकाला पोचायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडायला हवेत. ते बघायला पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. कागद सुटला, की पॉइंट उघडले.

एवढंच. दोन आकडे, एक पातं, एक कागद. सांगायला एक दुपार पुरे. हात बसायला वर्ष जाईल, ते ज्याचं त्यानं घालवावं.

पण टायमिंगची वेळ आली की उस्ताद म्हणायचे, "जाय, चहा सांगून ये." परत येईतो कव्हर बसलेलं. फिलर गेज त्यांच्या खिशात, पुलर पेटीत, पेटीला कुलूप. आणि उस्ताद आपल्याच वस्तीतले. भीमजयंतीला पहिली वर्गणी त्यांची. एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "तुले समदं सांगून देलं, तं मंग मी काय खाऊ?" मग सांगू लागले. ते हेल्पर होते तेव्हा त्यांच्या मिस्तरीनं आधी जात विचारली, मग हातात झाडू दिला. पॉइंटला कधी बोट लावू दिलं नाही. कप विसळता विसळता तिरक्या डोळ्यानं पाहून उस्ताद शिकले.

उस्तादांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांना जमीन नाही, पेन्शन नाही. त्यांचं भांडवल म्हंजे ते दोन आकडे आणि तो कान. मोठी कंपनी आपलं ज्ञान पेटंटात कोंडते, तिला आपण हुशार म्हणतो. उस्तादांनी पेटीला कुलूप लावलं की त्यांना संकुचित म्हणायचं, हा कुठला न्याय?

तरीही माझं मन मानत नाही. का, ते सांगतो. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावी गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्यानं मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपल्याच एका माणसानं लगाम धरला. त्याला हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकलं, घोडा-टांगा नदीत गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ह्या प्रसंगाकडं आपण विटाळाची गोष्ट म्हणून बघतो. ती आहेच. पण नीट बघा. टांगा मिळाला होता, घोडा मिळाला होता. मिळाला नव्हता तो हाकणारा हात. आपल्या माणसाच्या मनात माया रगड होती, पण हुन्नर कुणी दिलं नव्हतं. हुन्नर अडवलं की हाडं मोडतात, मित्रांनो. आणि अडवणाऱ्याची मोडत नाहीत.

जात नुसती कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांचीच फाळणी करते, हा बाबासाहेबांचा १९३६ चा मुद्दा. उस्तादांच्या पेटीकडं बघताना मला तो नव्यानं कळला. त्या मिस्तरीनं उस्तादांना तोडलं. उस्ताद पोराला तोडतात. कुलूप तेच, फक्त किल्ली आपल्या खिशात आली. ह्याला मुक्ती म्हणायचं?

मला दिसणारा फरक असा. कामाची किंमत घेणं वेगळं आणि शिकण्याची वाट बंद करणं वेगळं. हौशी मालकाकडून उस्तादांनी ट्यूनिंगचे दणकून पैसे घ्यावेत. तो त्यांचा घाम आहे. पण समोरच्या पोराला शिकूच द्यायचं नाही, हा मनूचा हिशेब आहे, मग तो मांडणारा कुणी का असेना.

आणि उस्तादांच्या भीतीचं काय? ती उपदेशानं जाणार नाही. तिची जबाबदारी आपली. शिकणाऱ्यानं फुकट घेऊ नये. ट्यूनिंग शिकवायचा मोबदला उस्तादाला रोख मिळावा. जयंतीच्या बॅनरावर खर्च करणाऱ्या मंडळांना एवढं जड नाही. वर्गणीतून वस्तीत पाने, पुलर, फिलर गेजची एक पेटी घ्यावी, बिनकुलपाची. उस्तादांचे आकडे त्यांच्या नावानिशी मराठीत लिहून काढावेत.

कुणी म्हणेल, पॉइंटच्या गाड्या संपल्या, आता कशाला? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. नव्या गाडीत नुसत्या फिलर गेजनं भागत नाही, स्कॅनर लागतो, आणि त्याची किल्ली बहुतेक कंपनीकडं. दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही होती. म्हंजे कुलपाची लढाई आता दिल्लीपर्यंत गेलीय. कंपनीला आपण उद्या खडसावून विचारू, ज्ञान का कोंडलंस? तेव्हा ती उलट विचारील, तुमच्या पेटीचं काय?

त्याच्या आत पेटी उघडायला हवी.