दोष कोणाचा?

“हे वाद्य तुम्हीच बनवलेत का?” असे मला पहिल्यांदा कोणी विचारले तेव्हा मी क्षणाचाही विलंब न लावता “हो” म्हणालो. नेदरलँड्समध्ये राहत असताना हर्डी-गर्डी या जुन्या युरोपीय वाद्याच्या सुट्या भागांची पेटी मी विकत घेतली होती. लेसरने कापलेले प्लायवुडचे तुकडे, चाक, तारा, खुंट्या आणि एक सूचनापुस्तिका. सांगितले तिथे सरस लावला, सांगितले तितका वेळ दाबून धरले. चारपाच रविवारांत वाद्य उभे राहिले. ते वाजतही होते. म्हणजे त्यातून आवाज निघत होता.

सारंगीवर गज फिरतो, त्याच्या जागी इथे राळ लावलेले लाकडी चाक तारांना घासत फिरते. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या. पट्टी दाबली की तिच्यावरचे लाकडी पाते तारेला टेकते आणि स्वर चढतो. उरलेल्या तारा अखंड आस देत राहतात. त्यांतल्या एकीच्या घोडीचा एक पाय मुद्दाम सैल ठेवलेला असतो. चाकाला हिसका दिला की तो तबलीवर थडथडतो आणि लयीत गुरगुर उमटते. फ्रेंच लोक या घोडीला ‘कुत्रा’ म्हणतात. तानपुऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशा सूक्ष्म कारभाराचे नवल वाटणार नाही.

माझा कुत्रा मात्र गुरगुरेना. आणि वरचे स्वर किंचाळत. मग सुधारणेचा नाद लागला. चाकाला जिथे तार टेकते तिथे तिच्यावर कापूस गुंडाळतात. तो जास्त झाला तर आवाज घुसमटतो, कमी झाला तर खरखरतो. तार चाकावर फार दाबली जात असेल तर घोडीच्या खाचेत, तारेखाली, कागदाचा कपटा सारायचा. पाते केसभर वळवून एकेक स्वर जुळवायचा. पुस्तिकेने हे सारे दोन ओळींत उरकले होते. तिचा तरी काय इलाज? माझ्या खोलीतली हवा किती दमट आहे हे तिला कसे कळावे?

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात म्हटले आहे की, बासरी चांगली की वाईट हे वाजवणाऱ्याला कळते, बनवणाऱ्याने त्याचे ऐकावे. माझी पंचाईत अशी की दोघेही मीच होतो, आणि दोघेही अर्धवट! आवाज बिघडला तर दोष लाकडाचा की मनगटाचा, हे ठरवायचे कोणी? कुत्र्याच्या घोडीचा पाय मी महिनाभर घासत होतो. एके दिवशी एका जाणत्या वादकाने वाद्य मांडीवर घेतले, आहे त्याच स्थितीत दांड्याला हिसका दिला, आणि कुत्रा भुंकला. माझ्या मनगटाचे पाप मी महिनाभर निरपराध लाकडाला फेडायला लावत होतो. नंतर ती घोडी बदलावीच लागली, कारण मी ती गरजेपेक्षा जास्त घासली होती.

त्यानंतर कोणी तोच प्रश्न विचारला की माझी जीभ अडखळू लागली. गंमत अशी की आता “हो” म्हणण्याचा अधिकार पूर्वीपेक्षा अधिक होता. जॉन लॉकच्या मते आपण श्रम मिसळले की वस्तू आपली होते. पण माझे खरे श्रम तर सरस लावण्यात गेले होते. कागदाचा कपटा सारायला श्रम ते किती पडतात? तरीही वाद्य माझे झाले ते त्या कपट्याने, असे मला वाटते. पुस्तिकेबरहुकूम चाललो होतो तोवर प्रत्येक बेसूर स्वर परस्पर कारखान्याच्या खात्यावर टाकता येत होता. पुस्तिका सोडून पहिला कपटा सारला, त्या क्षणी ते खाते बंद झाले. घासून बिघडवलेली घोडी ही त्या वाद्यातली पहिली निखालस माझी वस्तू.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हर्सायच्या आँरी बातों नावाच्या कारागिराने पडून राहिलेल्या जुन्या गिटारींवर आणि ल्यूटांवर चाके बसवून हर्डी-गर्डी बनवल्या. अंगे दुसऱ्यांची होती, तरी इतिहासाने श्रेय बातोंला दिले, आणि ते मला योग्यच वाटते. त्या वाद्यांच्या नव्या आवाजाचा जाब कोणी विचारला असता तर गिटार बनवणाऱ्याकडे बोट दाखवायला त्याला जागा नव्हती. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या देवालयात ११८८ सालचा लेख असलेले एक द्वार आहे. त्यावरच्या शिल्पात याच वाद्याचे पूर्वरूप दोन वृद्धांच्या मांड्यांवर आडवे ठेवलेले दिसते. त्या काळी एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने स्वर काढायचे. बेसूर झाल्यावर ते एकमेकांकडे पाहत असतील की काय, असा विचार मनात येतोच. मला ती सोय नाही.

परवा शेजारच्या आजोबांनी तोच प्रश्न विचारला. मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी दांडा फिरवून एक पट्टी दाबली. दिवस पावसाळी, लाकूड फुगलेले, तार किंचाळली. आजोबांनी दचकून हात मागे घेतला आणि क्षमा मागू लागले. “छे, छे, तुमचा नव्हे, तो माझा दोष,” असे म्हणत मी कागदासाठी खिसा चाचपू लागलो.