विस्तव, पाणी आणि परवलीचा शब्द

आमच्या बैठकीच्या खोलीत कपाटावर एक पांढरा डबा बसलेला आहे. त्याला दोन शिंगे आहेत, पोटावर हिरव्या दिव्यांची एक ओळ आहे, आणि पाठीतून निघालेली एक नाजूक तार खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून बाहेर जाऊन रस्त्यावरच्या खांबावर दिसेनाशी होते. याला राऊटर म्हणतात. खंडेनवमीला आम्ही सुरी, कात्री, शिवणयंत्र आणि माझी लेखणी यांच्याबरोबर त्यालाही झेंडूचे फूल वाहतो. आमच्या मातोश्रींना त्याचे फार कौतुक. “हा रात्री बी जागाच असतो का रे?” असे त्या अधूनमधून विचारतात, आणि मी “हो” म्हटले की त्यांना त्याची दया येते.

या डब्याच्या नादी लागून मी पुष्कळ शिकलो. विणलेला रुमाल त्याच्यावर टाकला तर तो तापतो, हे मला आमच्या सौभाग्यवतींच्या हौसेमुळे कळले. नांदेडात मृगाच्या आधी वळवाच्या विजा पडू लागल्या की त्याची तार काढून ठेवावी, हे एक डबा जळून गेल्यावर कळले. उंदराला काचतंतूची तारसुद्धा वर्ज्य नाही. तार तुटली की ओळीतला एक दिवा लाल होतो, आणि मग आपण कितीही वेळा डबा बंद करून चालू केला तरी तो हिरवा होत नाही. तरी आपण करतोच. वीज गेली तरी चालावे म्हणून मी त्याला इन्व्हर्टरवर घेतले आहे. घरातला पंखा एक वेळ बंद पडेल, पण हा पडत नाही. एके काळी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा मोडेम होता, तो जोडला जाताना चिरचिरत असे. त्या मानाने हा अगदी मुका. मुका आहे म्हणूनच की काय, याच्यामुळे माझ्या हातून एक गोष्ट घडली ती मला पुष्कळ दिवस कळलीच नाही.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, पण मोबाइलवर. मी दहावीला मराठी शिकवतो. साठ मुलांच्या वर्गातली पंचवीस-सव्वीस मुले पडद्यावर येत. बाकीची कोठे असत ते विचारण्यात अर्थ नव्हता. कोणाच्या घरी फोन एकच, तो बापाच्या खिशात. कोणाच्या फोनमध्ये रिचार्ज नाही. आमच्या शेजारी एक ऑटो चालवणारे कुटुंब राहते. ऑटो तर अंगणात उभा. एके सकाळी शेजारीणबाई दारात आल्या, तोंडाला पदर लावून, चार हात लांब उभ्या राहिल्या. “सर, लेकराचं शाळंचं समदं मोबाइलवरच हाय म्हणं. तुमच्या नेटचा तेवढा नंबर द्या की.” मुलगा आमच्याच शाळेत दहावीला होता, मात्र दुसऱ्या तुकडीत. मी त्याला बोलावून परवलीचा शब्द सांगितला. त्याने तो तळहातावर पेनाने लिहून घेतला. मला त्या वेळी फार बरे वाटले. माणसाला बरे वाटते तेव्हा त्याने जरा सावध असावे, असे मला आता वाटते.

कारण त्या बरे वाटण्याच्या मुळाशी एक जुनी समजूत होती. खेड्यात आमची आजी सकाळी काड्याची पेटी वाचवण्यासाठी शेजारून गोवरीवर विस्तव मागून आणी. विस्तव कोणी नाकारत नसे. दिवेलागणीनंतर मीठ आणि विरजण देऊ नये असा संकेत होता. पण तहानलेल्याला पाणी आणि चुलीला विस्तव यांना वेळकाळ नव्हता. ही काही केवळ आपल्याकडचीच रीत नव्हे. रोमन विचारवंत सिसरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो हेच सांगतो: वाहते पाणी कोणाला नाकारू नये, आपल्या विस्तवातून कोणी विस्तव नेऊ म्हणेल तर नेऊ द्यावा, विचारील त्याला खरा सल्ला द्यावा, कारण या गोष्टी घेणाऱ्याला उपयोगी पडतात आणि देणाऱ्याचे त्यात काही जात नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याची ज्योत कमी होत नाही. मीही असेच धरून चाललो. डबा तर रात्रंदिवस जळतोच आहे. शेजारच्या पोराने त्यावर आपला दिवा लावला तर माझे काय जाते?

जाते, हे मला महिन्याच्या वीस तारखेला कळले. त्या वेळच्या माझ्या योजनेत महिन्याला ठराविक मापापर्यंतच वेग मिळे. माप भरले की गोगलगाय. माझ्या तासाला चित्र थिजू लागले, माझा आवाज तुटू लागला. एका रात्री दोन वाजता पाहतो तो डब्याचा दिवा भराभर लुकलुकत होता, आणि आमच्या घरात तर सगळे झोपलेले. मी संगणक लावला, १९२.१६८.१.१ हा त्या डब्याचा घरगुती पत्ता टाकला आणि आत कोण कोण आहे त्याची यादी उघडली. यादीत ११ यंत्रे होती. त्यांपैकी चार आमची. म्हणजे विस्तव नव्हे, टाकीतले पाणी होते ते. आणि टाकीला सात तोट्या परक्यांच्या लागलेल्या होत्या.

मला राग आला, आणि रागाबरोबर भीतीही वाटली. भीतीला कारण होते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटमालिका झाली. तिच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ईमेल गेली होती. तपास करीत पोलीस जाऊन पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला, एका परदेशी गृहस्थाच्या घरी. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या वायफायला धड कुलूप नव्हते, आणि दुसऱ्याच कोणी त्याचा उपयोग केला होता. पुढे २००९ मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांना ग्राहकांची वायफाय जोडणी सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. आजीच्या विस्तवाने शेजाऱ्याने कोणाची गंजी पेटवली असती, तर आजीला कोणी जाब विचारला नसता. इथे मात्र जगाला दिसतो तो पत्ता माझा. शिवाय जोडणी घेताना मी जिथे सही केली होती, तिथे बारीक अक्षरांत लिहिलेच होते की ही बाहेरच्याला देऊ नये. एवढी सगळी कारणे हाताशी आली, आणि मी त्याच रात्री परवलीचा शब्द बदलून टाकला. कोणाला काही बोललो नाही. बोलायला दिवसा जावे लागले असते.

सकाळी कोणी विचारायला आले नाही. हे मला चमत्कारिक वाटले, आणि थोडे सोयीचेही. शेजारीणबाई दिसल्या तर पूर्वीसारख्याच हसल्या.

इथे मी माझ्याच बाजूने थोडा वकिली करून पाहतो. सिसरोने जिथे विस्तव द्या म्हटले, तिथेच पुढे त्याने आवरही घातला आहे. माणसाजवळचे थोडे असते आणि मागणारे अगणित असतात. तेव्हा देताना आपली ज्योत मंद होणार नाही एवढे पाहावे, म्हणजे आपल्या माणसांना द्यायला आपल्यापाशी काही उरेल. हे खोटे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले होते. पाण्याला नाही म्हणू नये हे मानणारीच ती माणसे. परंतु पाणीच नसले म्हणजे धर्म रांगेत उभा राहतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेकाठच्या लोकांनी ते पाठवले. कोणा एकाच्या घरातल्या हंड्याने ते झाले नसते.

आमच्या नांदेडातच सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. तिथे नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, परवलीचा शब्द तर नाहीच. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू इथे कित्येक आठवडे अडकून पडले. त्यांच्या जेवणाची सोय तिथे झाली. पण लंगराच्या चुलीमागे हजारो हात असतात. न विचारता देता येते ते देणारे पुष्कळ असतात म्हणून. माझ्या एका डब्याने वाडीला लंगर घालावा ही अपेक्षा रास्त नव्हे. केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरू देत नाहीत म्हणून तक्रार घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. ठीक आहे, पण हक्क म्हटला की तो पुरवण्याचे काम सरकारवर येते, शेजाऱ्यावर नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दुकानादुकानांतून सार्वजनिक वायफाय देण्याची योजना मंजूर केली, ती अशाच विचाराने. आमच्या गल्लीतली मुले तोवर अर्धे वर्ष हरवून बसली होती, ही निराळी गोष्ट.

वकिली इथे संपते, कारण पुढचे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षाआड पावसाळ्यात डब्याचा दिवा लाल झाला. तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी केबलवाल्याचा जो मुलगा शिडी घेऊन आला तो शेजारणीचाच. आता मिसरूड फुटलेली, कमरेला पट्टा, पट्ट्यात पकड. त्याने खांबावर चढून तार पाहिली, तुटका भाग काढला, काचेचे केसाएवढे दोन तंतू एका लहानशा यंत्रात समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने एकजीव केले. मी पाहत राहिलो. इतके हलक्या हाताचे काम मी फारच थोड्या माणसांना करताना पाहिले आहे. दिवा हिरवा झाला. मी चहा दिला. चहा पिताना तो सहज म्हणाला, “सर, करोनात तुम्ही पासवर्ड बदलला होता ना?”

मी म्हणालो, “हो. फार जण झाले होते.”

“हो सर, चूक माझीच होती. मीच दिला होता. आपल्या मागच्या बोळात बसायचे सगळे. चार पोरं तुमच्याच वर्गातली होती. एक फोन आईचा, मामाला बोलायला.” आणि जरा हसून, “तुमचाच तास ऐकायला बसायचे, सर. रात्री मात्र पिक्चर बघायचो आम्ही, ते खरंय.”

तेव्हा मला एक आठवले. त्या जून-जुलैत तास घेताना मागच्या बाजूने कोणाचा तरी आवाज येई. मी वाक्य संपवले की दोन क्षणांनी तसेच काहीतरी. मला वाटे कोणाचा टीव्ही असावा, आणि मी उठून खिडकी लावून घेत असे. तो माझाच आवाज होता. माझ्या तोंडून निघून, कपाटावरच्या डब्यातून, कोठल्या तरी दूरच्या शहरातल्या यंत्रात जाऊन, पुन्हा माझ्याच डब्यातून तो माझ्या घरामागच्या बोळात उतरत होता.

परवलीचा शब्द बदलल्यावर पडद्यावरची पंचवीस मुले एकवीस झाली होती. मी नोंदले होते, मुले कंटाळली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे ५० गुण, दहावीच्या लेखी चाचण्यांचे ३०, आणि तोंडी व अंतर्गत कामाचे २०, असा हिशेब ठरला. त्या वीसांत सहभाग पाहून गुण द्यायचे म्हणून मी त्या चौघांना कमी दिले. बुडाले कोणीच नाही. राज्याचा निकाल शेकडा ९९.९५ लागला होता. तेव्हा कागदावर पाहिले तर माझ्याकडून कोणाचे काही बिघडलेले नाही. कागद असे बरेच काही सोडवून देतो.

मी मनाशी याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला आहे. चूक नेमकी कोठली? देण्याचे माप ठरवले ही नव्हे. भीती वाटली ही नव्हे. सानपाड्याचे प्रकरण खरेच घडलेले आहे. आजीने विस्तव दिला की तो शेजारणीच्या चुलीत तिचा होई. रात्री उठून आजीला तो परत आणता येत नसे. पाणी दिले की प्यालेल्याच्या पोटात गेले. आमच्या या डब्याने मला असे दान शिकवले की जे दिल्यावरही माझ्याच मुठीत राहते, आणि अंथरुणातून न उठता, कोणाच्या तोंडाकडे न पाहता काढून घेता येते. नाही म्हणायला पूर्वी दारात उभे राहावे लागे. दारात उभा राहिलो असतो तर मी पोराला विचारले असते, कोण रे हे सातजण? आणि त्याने सांगितले असते. एवढेच आड आले होते, एक प्रश्न. मुलांनी तरी येऊन का विचारले नाही, असे मला पूर्वी वाटे. ज्याला काढून घेतले जाईल हे आधीपासून ठाऊक असते, तो विचारायला येत नाही.

त्या मुलाने जाता जाता मला आणखी एक दाखवले. याच डब्यात पाहुण्यांसाठी निराळी जोडणी ठेवायची सोय पहिल्यापासून आहे. तिचे माप वेगळे ठरवता येते, तिच्यावरून घरातल्या संगणकापर्यंत कोणी पोचत नाही. म्हणजे माजघर निराळे आणि ओसरी निराळी. ज्याने हे यंत्र बनवले त्याला ओसरी ठाऊक होती. मी मात्र वाड्यात वाढूनही ती उघडून पाहिली नाही. ती चालू केली म्हणून सानपाड्याची धास्ती जात नाही. जगाला दिसणारा पत्ता अजून माझाच आहे. तरी मी ती चालू करून घेतली, आणि तिचा शब्द शेजारीणबाईंना जाऊन सांगितला. त्या म्हणाल्या, “आता काय करायचं सर त्याचं? पोरगंच आता समद्या गावाला नेट देतंय.”

खरे होते. आता फोनाफोनांत पुरेसे आहे, आणि बोळात कोणी बसत नाही. यादी उघडली की आमचीच चार यंत्रे दिसतात. कधी रात्री एखादे पाचवे येते, दहा-पंधरा मिनिटे राहते आणि जाते. ते कोणाचे, हे मी अजून पाहिलेले नाही.