कात्री खाली ठेवा आणि ऐका

कात्र्या, कंगवे, बाउल, ब्रश सगळं ट्रॉलीवर ठेवा. मोबाइल पिशवीत. मी सांगेपर्यंत कुणी डमीला हात लावायचा नाही. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात, कारण काल सराव परीक्षेत तुम्ही जे बोललात ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता. हा कट कसा केलास, ते सांग. उत्तरं ऐका, तुमचीच आहेत. ‘मॅडम, मागून थोडे उचलले आणि कापले.’ किती उचलले? ‘थोडेसेच.’ ‘बाजूचे पुढे ओढून घेतले.’ कुठपर्यंत? ‘पुढे.’ रंगाच्या टेबलावर तर कहर झाला. ‘ब्राउन लावला.’ कुठला ब्राउन? ‘खोक्यावर फोटो आहे तो.’ डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा? त्यावर सगळा वर्ग खाली मान घालून उभा. सहा महिने तुम्ही इथे येताय. आईवडिलांनी फी भरली आहे. सहा महिन्यांनंतरही तुमच्याकडे ‘थोडं’, ‘इकडून’ आणि ‘असं’ हे तीनच शब्द असतील तर तुम्ही कात्री चालवायला शिकलात, केस कापायला शिकलेला नाहीत.

आणि इंग्रजी येत नाही हे कारण मला सांगू नका. मिरकरवाड्याच्या बंदरावर जा. चौथीत शाळा सोडलेला खलाशी लाँचच्या इंजिनाचा एकेक भाग नावानिशी सांगतो, तीही सगळी इंग्रजी नावं. कारण भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर ‘ते आतलं गोल गोल’ म्हणून भागत नाही. त्याला जमतं ते तुम्हाला का जमू नये? एलिव्हेशन, गाइडलाइन, टेन्शन. तीन शब्द आहेत, तीन डोंगर नाहीत.

मुलांनो, मागे बसून हसू नका, तुमच्याकडेही वळते. तुमच्यातले कितीतरी जण वडिलांच्या सलूनमध्ये स्टुलावर उभं राहून कात्री शिकले. हात चांगला आहे तुमचा, मला मान्य आहे. पण तुमचे वडील तीस वर्षं त्याच गावातली तीच डोकी कापतायत. कुणाच्या मानेवर भोवरा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना पाठ आहे. तुमच्या खुर्चीत रोज नवं डोकं बसणार. त्या डोक्याशी तुमची ओळख नाही, मग काय करायचं हे ठरवायला तुमच्याकडे नियम हवा. आणि ज्याला नाव नाही तो नियम दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही.

आता कटिंगचं. एलिव्हेशन म्हणजे डोक्यापासून केस किती अंशांत उचलून कापले. अजिबात न उचलता, जसे पडतात तसे कापले तर शून्य. सगळं वजन खालच्या रेषेवर येतं, तो ब्लंट. पंचेचाळीसवर कापले तर केस एकावर एक रचल्यासारखे बसतात, ते ग्रॅज्युएशन. नव्वदवर सगळीकडे सारखी लांबी, तो लेयर. त्याच्याही वर नेलंत तर वरचे केस आखूड, खालचे लांब. एवढं तुम्ही वहीत लिहिलेलं आहे, मी पाहिलं. मग चूक कुठे होते? तुम्ही नव्वद अंश जमिनीपासून मोजता. अहो, डोकं गोल आहे! तो कोन डोक्याच्या त्या त्या जागेपासून मोजायचा. क्राउनवर, म्हणजे डोक्याच्या माथ्यावर, नव्वद म्हणजे केस सरळ छताकडे. ऑक्सिपिटल बोनवर, म्हणजे मागे जिथे कवटीचा उंचवटा हाताला लागतो तिथे, नव्वद म्हणजे केस सरळ मागे. काल चार डमींच्या मागच्या बाजूला एकाच उंचीवर पायरी पडली होती. चौघांनीही क्राउन सोडून खाली आल्यावर हात वरच ठेवला होता. पायरी दिसली सगळ्यांना, पण ती का पडली हे एकालाही सांगता आलं नाही.

ओव्हरडायरेक्शनचं तेच. केस ज्या जागी आपोआप पडतात तिथून बाजूला ओढून गाइडपाशी, म्हणजे मापासाठी आधी कापलेल्या बटेपाशी, आणले आणि कापले, तर जितके लांबून आणले तितके ते लांब राहतात. पुढे लांबी ठेवायची असेल तर बाजूचे केस मागे ओढून कापतात. पण डाव्या बाजूला कानाच्या मागे आणि उजव्या बाजूला कानावरच थांबलात, तर दोन्हीकडे वेगळी लांबी येणारच. मग तुम्ही काय करता? लांब बाजू थोडी कापता. मग दुसरी लांब दिसते. ती कापता. खांद्याखालचे केस मागणारी बाई हनुवटीपर्यंतचे केस घेऊन घरी जाते. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. तुमचं ‘थोडं इकडून’ दोन इंच चुकलं तर तिला चार महिने वाट पाहावी लागते.

गाइडलाइन एका जागी स्थिर आहे की सेक्शनबरोबर पुढे सरकते आहे, हे पहिल्या कात्रीआधी ठरलं पाहिजे. अर्ध्यात बदलायचं नाही.

टेन्शनबद्दल, म्हणजे केसावरच्या ताणाबद्दल, मात्र जास्त बोलावं लागेल, कारण आपण रत्नागिरीत आहोत. ओला केस ताणला की लांबतो आणि वाळला की आखडतो. कुरळा असेल तर फारच. पुढची फ्रिंज ओल्या केसांत भुवईला टेकवून कापलीत तर वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर जाते. कानाशी ताण देऊन कापलंत तर कान दाबलेला असतो, सोडला की तिथे खड्डा. त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर इथे भिंतींनाही ओल येते, तर केस कोरडे कसे राहतील? ब्लोड्राय करून तुम्ही जो आकार देता तो केसातल्या हायड्रोजनच्या बंधांवर उभा असतो, आणि ते बंध पाण्याने सुटतात. हवेतल्या दमटपणानेही सुटतात. युट्यूबवर दिल्लीच्या कोरड्या हवेत केलेला कट बघून तुम्ही इथे श्रावणात तसाच कापता आणि बाई मारुती मंदिर ते साळवी स्टॉप पोचेपर्यंत तो फुगलेला असतो. केस कसे पडतात ते आधी कोरडे असताना बघा. हात फिरवा, भोवरे शोधा, मग ओले करा.

एकीने काल विचारलं, साधना कट कुठल्या पुस्तकात आहे. तो तुमच्या आजीच्या पिढीने मागितलेला कट आहे. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटात नायिका साधनाचं कपाळ रुंद दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी फ्रिंज ठेवायला लावली, आणि देशभर मुली तशी मागू लागल्या. आजही साठीच्या बाई येतात आणि ‘साधना कट’ म्हणतात. तुम्हाला त्यातून कळलं पाहिजे की त्यांना फ्रिंज हवी आहे. मग किती रुंद, भुवईच्या किती वर, जाड की विरळ, हे तुम्ही विचारायचं. गिऱ्हाईक नाव सांगतं किंवा फोटो दाखवतं. त्याचं माप तुम्ही काढायचं. ‘स्टेप कट’, ‘यू कट’ असं गिऱ्हाइकाने म्हणणं ठीक आहे. तुम्हीही तेवढ्यावरच थांबत असाल तर तुमच्यात आणि गिऱ्हाइकात फरक काय?

आता रंग. इथे माझा आवाज चढला तर चढू द्या. वाईट कापलेले केस वाढतात. रंग चुकला तर कातडी भाजते, केस मुळाशी तुटतात.

लेव्हल म्हणजे केस किती गडद किंवा उजळ. एक म्हणजे काळा, दहा म्हणजे सर्वांत फिका. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचे केस एक ते तीनमध्ये असतात. टोन म्हणजे त्यातली झाक, सोनेरी, तांबूस, राखी. ट्यूबवर ५.३ लिहिलं असेल तर पाच ही लेव्हल आणि पॉइंटनंतरचा आकडा ही झाक. झाकेचे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून त्या कंपनीचं शेड कार्ड उघडल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही. खोक्यावरच्या फोटोतल्या बाईचे केस तुमच्या गिऱ्हाइकाचे नाहीत.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. वीस व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर प्राणवायू सुटतो. पांढरे केस झाकायचे तर २० पुरतो. काल एकाने रूट टचअपला ४० घेतला. का? ‘लवकर होतं.’ डोक्याच्या कातडीला लागून जो सेंटिमीटरभर केस असतो तो अंगाच्या उष्णतेने आधीच लवकर उजळतो. तिथे ४० लावलंत तर मुळं पेटल्यासारखी नारिंगी आणि टोकं काळी. आणि त्या बाईची कातडी? ती तुमची परीक्षा नाही, तिचं डोकं आहे.

काळा केस उजळताना आत दडलेला रंग बाहेर येतो. आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा. नारिंगी मारायला निळा लागतो, पिवळा मारायला जांभळा. हे माहीत नसलं की ‘मॅडम, ब्राउन लावला आणि नारिंगी आला’ म्हणून रडत येता. आणि हे पाठ करा, आधी लावलेला रंग नुसत्या नव्या रंगाने उजळत नाही. तो आधी काढावा लागतो.

मेंदीचं विचारलं का कुणी? आपल्याकडे घरोघरी बायका मेंदी लावतात, माका लावतात. साध्या मेंदीतला लॉसोन केसाला तांबूस रंग देतो, काळा कधीच देत नाही. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, काहींत धातूंचे क्षार असतात. धातूंच्या क्षारांवर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतो आणि हातात तुटून येतो. म्हणून आधी विचारायचं, एक बट कापून तिच्यावर तपासायचं आणि मगच डोक्याला हात लावायचा. पीपीडीची ॲलर्जी आधी पाच वेळा न होता सहाव्या वेळी होऊ शकते. कानामागे किंवा कोपराच्या आत पॅच टेस्ट, ४८ तास आधी, दर वेळी. ‘त्यांना लग्नाला जायचं होतं, वेळ नव्हता’ हे मी ऐकून घेणार नाही. सुजलेले डोळे घेऊन त्या लग्नाला जाणार होत्या का?

डोक्यावरच्या हाताची जबाबदारी किती मोठी, तेही ऐका. केस म्हणजे बाईची अब्रू, असं आपल्याकडे मानलं गेलं, आणि ती हिरावून घ्यायचा मार्गही केसच होते. विधवेचं केशवपन या कोकणातही झालं. १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. पोटाचा धंदा होता, तरी नाही म्हणाले. आपला हात डोक्यावर पडतो तेव्हा काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तुमच्याकडून मी सभा मागत नाही. डोक्यावर काय लावलं ते नीट लिहून ठेवा, एवढंच मागते आहे.

कारण पुढे काय होणार ते सांगते. गणपतीला चाकरमानी येतील. दादर-ठाण्याहून आलेली सून खुर्चीत बसेल आणि म्हणेल, मागच्या वेळी ६.३ होता, वीसवर, ग्लोबल, आता फक्त मुळं करा. तिला हे माहीत आहे, कारण तिकडच्या पार्लरने कार्डावर लिहून दिलं. आणि तुम्ही तिच्याकडे बघत राहाल. ती परत येणार नाही आणि तिच्या नणंदेलाही पाठवणार नाही. शहरात तुमच्यापेक्षा चांगला हात आहे असं मला मुळीच वाटत नाही. तिथे नोंद आहे. तुमचं नुकसान तिथेच होतं आणि मला तेच सहन होत नाही.

कार्डावर तारीख, केसाची मूळ लेव्हल, पांढऱ्याचं प्रमाण, ट्यूबचा नंबर, डेव्हलपर, किती ग्रॅमला किती, किती मिनिटं, पॅच टेस्ट कधी केली. कटसाठी सेक्शन, कोन, गाइड कुठे. तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्या कुणालाही ते वाचून काम करता आलं पाहिजे.

रडायचं नाही गो. रडून गाइडलाइन सरळ येत नाही. उठा, डोळे पुसा. आता डमी घ्या, कोरड्या केसांत हात फिरवा, मग ओले करा आणि चार सेक्शन पाडा. काय करताय ते मोठ्याने बोलत करा. कुठून, किती अंशांत, गाइड कुठे. ‘थोडं’ ऐकू आलं की तो कट तिथेच थांबणार. पहिली तू, खिडकीजवळची. सांग, मानेपाशी, नेपला तुझा हात आत्ता किती अंशांवर आहे?