असंतोषाचा आकडा आणि तक्रारीचे सत्य

राज्यकर्त्याच्या जागी बसून इतिहास ‘खेळणे’ ही गेल्या काही दशकांत रूढ झालेली सांस्कृतिक कृती आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेचा २०१३ साली आलेला ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा संगणकीय खेळ हे तिचे ठळक उदाहरण होय. १४४४ ते १८२१ या कालखंडातील एखादे राज्य निवडावे, तह करावेत, युद्धे करावीत, राज्य वाढवावे, असे त्याचे स्वरूप. परंतु जिंकलेला मुलूख शांत राहतोच असे नाही. अंतर्गत असंतोष आटोक्यात ठेवणे हे खेळणाऱ्याचे नित्याचे काम होऊन बसते. येथे प्रश्न उपस्थित होतो तो असा : असंतोषाचे ‘व्यवस्थापन’ करणारा असंतुष्टांशी नेमके कोणते नाते जोडत असतो?

या खेळात प्रत्येक प्रांताला असंतोषाचा एक आकडा असतो. प्रजेचा धर्म वा संस्कृती भिन्न असणे, प्रदेश नुकताच जिंकलेला असणे, युद्धाचा शीण या कारणांनी तो वाढतो. तो शून्याच्या वर गेला की बंडाची तयारी दहा-दहा टक्क्यांनी पुढे सरकू लागते. शंभर टक्के भरताच उठाव होतो. उपायही ठरलेले आहेत. प्रांताला अधिक स्वायत्तता द्यावी, तर असंतोष उतरतो, पण कर आणि सैन्यभरती घटते. लष्करी सामर्थ्य खर्चून दडपशाही करावी, तर बंडाची तयारी मागे हटते. उठाव मोडून काढल्यावर मात्र काही वर्षे तो प्रांत शांत राहतो. त्यामुळे सैन्य जवळ असताना बंड मुद्दाम पिकू द्यावे आणि मग चिरडावे, हा हिशेब शहाणपणाचा ठरू शकतो.

‘हा तर केवळ खेळ’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही; आणि असे खेळ माणसाला क्रूर बनवतात हे म्हणणेही उथळच. पडद्यावर मरणारे कोणी नसते. नैतिक प्रश्न आहे तो कृतीचा नव्हे, आकृतिबंधाचा. या आकृतिबंधात ‘हे बंड मला किती महाग पडेल?’ हे विचारता येते. ‘बंडखोरांचे म्हणणे खरे आहे काय?’ हे विचारण्याची जागाच नसते.

ही दृष्टी संगणकाने आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात प्रजेच्या क्षय, लोभ आणि विराग यांच्या कारणांची चर्चा आहे. क्षीण झालेली प्रजा लोभी होते, लोभी प्रजा विरक्त होते आणि विरक्त प्रजा शत्रूला मिळते अथवा स्वामीचा स्वतःच नाश करते, अशी ती साखळी आहे. तेथेही दृष्टी राजाचीच. परंतु विरागाची कारणे मोजताना कौटिल्य राजाच्या अन्याय्य वर्तनाची यादी देतो. म्हणजे दोष राजाकडे येतो. खेळात कारणे दिसतात, पण ती अधिक-उणे चिन्हांच्या रूपात. दोष कोणाकडेच येत नाही.

या फरकाचे मोल एका प्रत्यक्ष उठावावरून ध्यानात यावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. अमेरिकन यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, कर्ज फिटत नव्हते. दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि खतांवर. ते हाती पडले की जाळले जात. सावकाराच्या जिवावर उठणे हा सर्वसाधारण हेतू नव्हता. त्या जाळण्यात एक विधान होते : हा कागद अन्यायाचा आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्या विधानाला मिळालेले अपुरे का होईना, उत्तर होते. पॅराडॉक्सचाच ‘व्हिक्टोरिया ३’ हा २०२२ चा खेळ १८३६ ते १९३६ या शतकावर बेतलेला आहे. त्यात राहणीमान घसरले की जहालांची संख्या वाढते. कारण अचूक आहे. जाळलेला कागद मात्र त्या संख्येत मावत नाही.

वसाहतकालीन दप्तरांतील बंडखोर स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी बंदोबस्ताच्या भाषेत बोलले जाते, हे रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. हे खेळ त्याच भाषेचे व्याकरण मांडतात. मात्र दप्तर वाचणाऱ्याला त्या भाषेपासून अलिप्त राहता येते. खेळणाऱ्याला तीच भाषा बोलावी लागते. चर्चासत्रात दडपशाहीचा निषेध करणारा अभ्यासकही पडद्यासमोर तीच कळ दाबतो, कारण त्या क्षणी ती स्वस्त असते. सत्तेचा मोह असा आतून अनुभवास येणे हे या खेळांचे खरे ज्ञानमूल्य मानावे लागेल. पण मोहाचा अनुभव म्हणजे मोहाची चिकित्सा नव्हे. आकड्यामागची तक्रार खरी होती काय, हा प्रश्न खेळ विचारीत नाही. तो खेळणाऱ्यानेच विचारावयाचा असतो, आणि त्याला उत्तर देण्याचे उत्तरदायित्वही त्याचेच असते.