मानवी, पण माणसासाठी नव्हे

प्रयोगशाळेच्या शीतपेटीत उणे २० अंशांवर ठेवलेली एक बोटभर नळी. तिच्यावरच्या चिठ्ठीचा आशय असा : ‘मानवी ओजीजी-१, पुनर्संयोजित. फक्त संशोधनासाठी. माणसावर वापरू नये.’ वस्तू मानवी, आणि माणसालाच वर्ज्य! यात कायद्याची सावधगिरी आहे, हे कळते. पण ‘मानवी’ या शब्दापाशी मी अडकतो.

हा ओजीजी-१ म्हणजे एक विकर. आमच्या उर्दू पुस्तकात विकराला ‘खामरा’ म्हणतात. खमीर त्याच कुळातला शब्द, आणि शराबेचा ‘खम्र’सुद्धा. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायूच पेशीतल्या डीएनएला गंज चढवतो. ग्वानीन नावाचे अक्षर बिघडते आणि सायटोसीनऐवजी अ‍ॅडेनीनशी जोडी जमवू लागते. नक्कल चुकण्याआधी हा खामरा ते बिघडलेले अक्षर हुडकून काढून टाकतो. रिकामी जागा भरणारे कारागीर दुसरे. डीएनए मुळात किती नाजूक आहे आणि त्याची डागडुजी कशी चालते, हे दाखवणाऱ्या टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि तुर्कस्तानातल्या सावूर गावी निरक्षर आईबापांच्या पोटी जन्मलेले अझीज संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नळीतला खामरा मात्र कोणाच्या शरीरातून काढलेला नसतो. माणसाच्या जनुकाची प्रत ई. कोलाय या जिवाणूत घालतात, जिवाणू वाढवतात, फोडतात. प्रथिनाच्या टोकाला बहुधा सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. निकेल तिला पकडून ठेवते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. ही शेपटी आदमच्या कोणत्याही औलादीत सापडायची नाही.

आता प्रश्न. हनफी फिकहप्रमाणे माणसाच्या अंगाची, अगदी केसांचीही विक्री जायज नाही. कारण केस नापाक आहेत हे नव्हे, तर माणूस मुकर्रम आहे हे. मग ही नळी विकणे काय ठरते?

कोणी म्हणेल, ‘इस्तिहाला’चा नियम लावा. शराबेचा सिरका झाला की तो पाक. कारण तिची हकीकतच बदलली. पण इथे मामला उलटा आहे. सिरक्यात द्रव तोच राहतो, गुणधर्म बदलतो. नळीत गुणधर्म तोच, ३४५ अमिनो आम्लांची रांग तीच, द्रव्य मात्र कणन् कण जिवाणूचे. माणसाचे तिथे काय उरले? फक्त खबर. रांगेचा क्रम.

माझ्या मते म्हणूनच नळी विकण्यात गैर नाही. विकली जाते ती मेहनत, शुद्धीकरण, बर्फ आणि भाडे. क्रम ‘माझा’ म्हणणे मात्र गैर. आणि हे घडलेले आहे. बीआरसीए-१ आणि २ ही जनुकेही डीएनएच्या दुरुस्तीचीच. ती बिघडली की स्तनाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. अमेरिकेत मिरियड या कंपनीकडे त्यांची पेटंटे होती आणि तपासणीला तीन हजार डॉलरांहून अधिक पडत. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की नैसर्गिक डीएनए कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. त्याच निकालात, मधले निरुपयोगी तुकडे गाळून प्रयोगशाळेत केलेल्या प्रतीला मात्र मुभा राहिली. हे मला पटत नाही. ती काटछाट पेशी स्वतःच आरएनएमध्ये रोज करते. माणसाने फक्त तिचा कित्ता गिरवला.

खबर कोणाकडून घेतली, हाही हिशेब असतोच. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या इस्पितळात तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या जगभर विकल्या गेल्या. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये. तिथे अंगही होते आणि खबरही, इजाजत तेवढी नव्हती.

आणखी एक अडचण राहतेच. खमिरातल्या यीस्टमध्येही ओजीजी-१ आहे आणि तो आपल्याच्या नात्यातला आहे. चिठ्ठीवर ‘मानवी’ लिहिणाऱ्याने प्रत कुठली ते सांगितले, एवढेच. मूळ अमानत भाकरीच्या पिठातही फुगत असते.