उघडे दार

आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते. सगळ्या मुलांचे ओठ एकदम हलतात. कोणाचे हलत नाहीत ते पाहायचे, हे माझे काम. परवा एक मुलगा गप्प उभा होता. विचारले, तर म्हणाला, “सर, अर्थ कळत नाही.” मी त्याला दटावले. पण वर्गाकडे जाताना मनात आले, आपल्याला तरी तो कुठे कळला आहे?

तेव्हा मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता शंका फिटल्या, असे तिथल्या धर्मभगिनींना वाटले असेल. बाईंच्या फिटल्या नव्हत्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे मत त्यांच्या बुद्धीला पटेना, आणि न पटलेले म्हणायला जीभ वळेना. पती आदल्याच वर्षी वारलेले, पदरी लहान मुलगी, मुलूख परका. ज्यांच्या आश्रयाला राहायचे, त्यांनाच ‘हे मला मान्य नाही’ म्हणून सांगायचे!

आता दुसरी बाजू पाहा. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. बाई आपल्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसत. गावात गवगवा झाला. दार लावून घेतले असते तर काय बिघडले असते, असे तुम्हांआम्हांला वाटते. बाईंनी ते लावले नाही. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. त्यांचेही अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. इथे धर्म शिकवला जाणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या.

पण गंमत पाहा. तिकडे न पटलेले बोला म्हणत होते. इकडे पटलेले झाका म्हणत होते. बाईंचे उत्तर दोन्हीकडे एकच.

मग शुद्ध मताला किंमत नाही का? आहे. ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मागाहून भेटला, अशा अर्थाचे बाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. खोटे ‘हो’ म्हटले असते, तर खऱ्या ‘हो’ला जागा उरली नसती. आणि तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी त्या केडगावला आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, झिजल्या. मनाला साक्षी ठेवणे म्हणजे मनाचे लाड करणे नव्हे. पटत नाही म्हणून सोडून देणे सोपे. पटते का हे पाहण्यासाठी जन्मभर राबणे अवघड.

सुट्टी लागण्यापूर्वी त्या मुलाला मी बोलावून घेतले. प्रार्थनेचा एकेक शब्द सोडवीत बसलो. तिसऱ्या ओळीशी मीच अडलो.

“ही मला येत नाही रे,” मी म्हणालो. “दिवाळीत बघून ठेवतो.”

तो हसला. किती वर्षांनी एखाद्या मुलाशी मी खरे बोललो होतो!